पिठात घेतलेलं माप

बायको जाऊन वर्ष होत आलं तेव्हा सुनेने विचारलं, "बाबा, वर्षश्राद्धाला आईंच्या आवडीचं काय काय करायचं?" आमच्यात गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्या दिवशी पानाशेजारी ठेवतात. बापाच्या पानाशेजारी मी विडी ठेवली होती. मी म्हणालो, "बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि तिचं खोकं."

खोकं म्हणजे हेडफोनचा अॅम्प्लिफायर. बेलपाड्यातल्या आमच्या घरात वरच्या खोलीवर पुण्याचा एक इंजिनिअर भाड्याने राहायचा. असली यंत्रं घरी बनवायचा त्याला नाद होता. सोडून जाताना एक खोकं आणि त्याचा हेडफोन त्याने माझ्या बायकोला दिला, कारण त्याने हाक मारली की तवा उतरवून वर ऐकायला जाणारी ती एकटीच. लग्नात धवला गाणाऱ्या एका म्हातारीचं गाणं त्याने मोबाईलवर घेऊन दिलेलं. बायको रोज दुपारी तेच ऐकायची.

"बाई दम घेते ना, तो पन ऐकायला येतं," ती म्हणायची.

"दम फुकट असतो. त्याला खोकं कशाला?"

"तुमी नका ऐकू."

मी नाही ऐकलं.

सुतक फिटल्यावर घर धुताना कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. खोकं पडलं आणि हेडफोनच्या पाच पिना जिथे बसतात ते पाच भोकांचं सॉकेट फुटलं. वर्षभर ते तसंच कपाटावर. आता मी इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, आत पाच-सहाशे व्होल्ट असतात. मिळतंजुळतं काही लावू नका. अगदी तसंच सॉकेट हवं, माप घेऊन जा."

हेडफोनच दुकानात न्यायचा, हे मलाही कळत होतं. पण दुकानात नेला की जो तो कानाला लावून बघणार. त्याच्या गादीला अजून तिच्या तेलाचा वास आहे. म्हणून मी तांदळाचं पीठ मळलं, त्यात पिना दाबून ठसा घेतला आणि तो उन्हात कडक वाळवला. चौथी शिकलेल्या माणसाला यापेक्षा बरं माप घेता आलं नसतं, असं मला वाटलं.

पनवेलच्या दुकानदाराने ठसा उलटा-सुलटा केला. "काका, हे काय? प्रसाद?"

"सॉकेटचं माप."

त्याने डबे उपसले, एकेक सॉकेट ठशावर धरून बघितलं आणि एक बरोबर जुळलं. घरी आलो. पिना आत जाईनात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून आणलं. तेही ठशाला जुळलं, पिनांना नाही. मी इंजिनिअरला फोन करून सांगितलं, तुझ्या हेडफोनच्या पिना फुगल्यात.

मग करंज्याहून मेव्हणी सुके बोंबील घेऊन आली. खिडकीतला ठसा तिने उचलला. मी सगळं सांगितलं.

"भावजी, ओला बोंबील आनि सुका बोंबील एका मापाचा असतं काय?"

"नाय."

"मग पीठ कसं असंल? सुकलं का आकसतं. माझी बहीन जल्मभर तुमच्यासमोर भाकऱ्या थापीत होती, तुमी बघत काय होता?"

"भाकरी."

ती हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.

शेवटी हेडफोन बायकोच्या लुगड्यात गुंडाळून मीच पहिल्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने सवयीने उचलून कानाकडे नेला.

"कानाला लावायचा नाय."

"काका, नुसतं चेक करतो."

"पिना चेक कर. कान तुझे चांगले हायत."

त्याने पिनांचं माप पट्टीने घेतलं आणि सॉकेट बाहेरून मागवलं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ते आलं, मी खोकंही दुकानात नेलं. इंजिनिअर फोनवर एकेक वायर सांगत होता, दुकानदार कथलाने डाग देत होता, मी हेडफोन मांडीवर घेऊन बसलो होतो.

श्राद्धाला पान वाढलं, शेजारी खोकं लावून ठेवलं. कावळा लगेच आला, बोंबील घेतला, खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे पाय धुवायला गेल्यावर मी हेडफोन डोक्यावर चढवला. माझ्या डोक्याला तो घट्ट होतो.

म्हातारी एक ओळ गायली. मग थांबली.

सून दारात आली. "बाबा, काय लागलंय त्यात?"

"दम घेते," मी म्हणालो. "तू ताटं वाढ. मी येतो."