उलटी अक्षरं

शिवलीलेच्या लेकीचं बारसं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बारसं उद्यावर आलंय. दुपारी जरा आडवी होते. डोळ्यांवर झापड येते, तरी मनात एकच घोळतंय: फिल्मचं एकच पान उरलंय. कुणी हात लावू नये म्हणून ते कोरं पान मी उशाशी घेतलंय.

शिवलीला माझी नात. पाळण्याजवळ पणजोबांचा निळा फोटो लावायचा, हा तिचा हट्ट. ह्यांनी सगळ्या अक्कलकोटचे फोटो काढले, पण स्वतःचा एकच, तोही मी काढलेला. स्टुडिओच्या पाटीखाली उभे आहेत. नातीने तो कॉम्प्युटरवर घेतला, काळ्याचं पांढरं केलं आणि प्रिंटरमधून पारदर्शक फिल्मवर छापला. औषध लावलेल्या कागदावर ती फिल्म, वर काच, आणि सगळं उन्हात. मग पाण्यात धुतलं की निळा फोटो. तीनदा केलं. तिन्ही वेळा ह्यांचा चेहरा धुरकट.

डोळा लागतो. मी गच्चीचा जिना चढते, तर वर ह्यांची काळोखी खोली. लाल दिवा. हे ट्रेवर वाकलेत.

"अहो, तुम्ही कधी आलात?"

"गेलो कुठे होतो? तू माझी मान वाकडी काढलीस, ती सरळ करत बसलोय."

"मान राहू द्या! चेहराच येत नाही."

"शाईची बाजू कुठे ठेवता?"

"वर. तरच पाटीवरची अक्षरं सरळ दिसतात. मीच सांगितलं पोरीला."

"तुला गं काय कळतं अक्षरांतलं?"

"हत्तुरे फोटो स्टुडिओ," मी घडाघडा म्हणून दाखवते. "तुमच्या मागे शिकले. बायकांच्या वर्गाला जाऊन."

हे इतक्या जोरात हसतात की ट्रेमधलं पाणी हिंदकळतं. ते पाणी आता तळ्याचं आहे. आम्ही काठावर उभे, आणि पाण्यात पाटी उलटी.

"महानंदे, शाई कागदाला भिडली पाहिजे. मधे प्लास्टिक आलं की ऊन कडेने आत शिरतं आणि चेहरा फिसकटतो."

"मग अक्षरं उलटी येतील ना!"

"आधीच उलटी छापा. फिल्म पालथी घातली की होतील सरळ."

"अगंबाई! एवढंच?" मी पोरीसारख्या टाळ्या वाजवते. "मग करा की सही. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात करायचात तशी."

"आता सही तू कर. अंगठा माझा." आणि हे शाईचा अंगठा फिल्मवर टेकवतात.

"शिवलीले! उलटं छाप!" मी ओरडतच उठते.

"हळू गं आजी, बाळ उठेल!"

"उठू दे! गच्चीवर ऊन आहे अजून!"

उशाजवळची फिल्म उचलते. कोपऱ्यात काळा अंगठा, त्यावर आडवी रेघ. काच कापताना ह्यांना लागलं होतं, त्याची. माझे दोन्ही अंगठे स्वच्छ.

शिवलीला फोटो उलटा करून फिल्म प्रिंटरला लावते. ऊन उतरायच्या आत फोटो पाण्यात पडतो आणि चेहरा वर येतो: भुवया, मिशी, वाकडी मान. पाटी सरळ वाचता येते. खाली निळ्यात पांढरा अंगठा. त्याच्या शेजारी मी पेनाने माझी सही करते.

हे, म्हणजे माझे पती सिद्राम बसप्पा हत्तुरे, फोटोग्राफर. १९९८ साली वसुबारसेच्या दिवशी वारले.