छावणीतला बरगर

बीडहून चौसाळ्याकडे निघालो तेव्हा मे महिन्याचे ऊन डोक्यावर होते आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हते. हे मुद्दाम. तिथल्या चारा छावणीत एक बाई बर्गर करते, तसा पुण्यात मिळत नाही, असे मित्राने छातीठोकपणे सांगितले होते. खाण्याच्या बाबतीत पुण्याला कोणी कमी लेखलेले मला खपत नाही. म्हटले, बघूच!

रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडी काळी राने, चप्पल अडकेल एवढ्या भेगा. गावच्या सोसायटीने (सहकारी सेवा संस्थेने) माळावर छावणी उभारली होती. पाचटाच्या छपरांखाली जनावरांच्या रांगा आणि शेजारी बाजा टाकून राहणारी माणसे. पाण्याच्या हौदाजवळ एक गाडा दिसला. पाटीवर खडूने लिहिले होते, ‘बरगर’. तवा मात्र थंडगार, आणि समोर सात-आठ माणसे निवांत बसलेली.

“कधी मिळेल?” मी विचारले.

“हरण्यानं तोंड लावलं की,” त्यातले एक म्हातारबा म्हणाले.

हरण्या म्हणजे गाडा चालवणाऱ्या सुमनताईंचा बैल. दोन दिवस त्याने वैरणीला तोंड लावले नव्हते. डॉक्टर सकाळीच सुई टोचून गेले होते. दावणीला जनावर उपाशी असताना धन्याने जेवायचे नाही, हा त्या घरचा रिवाज, आणि ताईंनी तो तव्यालाही लावला होता.

माझे डोकेच फिरले. “बैल खात नाही म्हणून गिऱ्हाइकांनी उपाशी राहायचं? कमाल आहे!”

सुमनताई वाढे (उसाचे शेंडे) हातात धरून बैलापुढे उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. “भाऊ, बीडात लई हाटेलं हायेत, तिथं जावा. ह्यो गेला तर दिवाळीमागं ऊसतोडीला गाडी कशानं न्यावी? एका बैलावर चालती का गाडी?”

म्हातारबांनी मला हाताला धरून खाली बसवले. “तिच्या पोटात बी दोन दिसापासून अन्न न्हाई. तुमी कावून भांडायलाव?”

मी चांगलाच ओशाळलो. मग नुसते कसे बसायचे, म्हणून हौदावरून बादली भरून आणली. येता येता अर्धी पँटवर सांडली. पाणी सांडले म्हणून अख्ख्या छावणीची बोलणी खाल्ली, आणि ती मला पटलीही.

उन्हे कलली. पोटात कावळे ओरडून ओरडून दमले. अचानक हरण्याने मान उचलली, ताईंच्या हातातले एक पान ओढले, सावकाश चघळले. मग दुसरे.

“खातुय गं माय!” ताई म्हणाल्या, आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडल्या.

चूल पेटली. मटकी आणि ज्वारीच्या पिठाची जाड टिक्की तव्यावर चरचरली. पाव तेलात परतून त्यात हिरवा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर बुक्कीने फोडलेला कांदा. पहिला बर्गर कोणी घेईना. “आदी तू खा, बाई,” म्हातारबा म्हणाले. ताईंनी उभ्यानेच खाल्ला. मग आमची पाळी आली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले, शेजारी शेणाचा वास, दातांखाली धूळ. आयुष्यात इतक्या चवीने मी कधी खाल्ले नाही.

पुण्याला परतल्यावर तोच बर्गर घरी तीनदा केला. भुकेला कोंडा म्हणतात, म्हणून एकदा चार वाजेपर्यंत उपाशीसुद्धा राहिलो. बायको म्हणाली, छान झालाय. छान होता, नुसताच छान.

दिवाळी उलटल्यावर राहवेना. सुमनताईंना फोन केला आणि म्हटले, येऊ का खायला?

“कुटं येताव, भाऊ? औंदा पाऊस झाला, छावणी उठली, गाडा बी मोडला. आमी ऊसतोडीला आलाव. हरण्या लई जोरात वढतुय बगा!” त्या हसत होत्या. मागून घुंगरांचा आवाज येत होता.

फोन ठेवला. पुण्यात बसून ती चव शोधणारा मी किती येडा! दुष्काळाशिवाय ती छावणी नाही, आणि छावणीशिवाय तो बर्गर नाही. माझ्यासारख्या खादाडाच्या तोंडी शोभत नाही, पण मनापासून म्हणतो: देवा, तो बर्गर मला पुन्हा कधी खायला मिळू नये.