मासळीच्या गोदामातला बर्फ

फ्रीजर उघडला की सुरमईच्या वासाबरोबर मला बर्फ पडताना दिसतो. कुठल्याशा डोंगरावरच्या स्की रिसॉर्टचं बर्फ पाडणारं मशीन सीझनआधी दुरुस्तीला आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आलं होतं. बाहेर ऑगस्ट पेटलेला, म्हणून ट्रायल जवळच्या हिद्द गावातल्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली. रत्नागिरीच्या आमच्या म्हाताऱ्या फिटरचाचांनी 'बिस्मिल्ला' म्हणत बटण दाबलं. मशीन दोनदा खोकलं, आणि मग छतापासून जमिनीपर्यंत पांढरं भुरभुरायला लागलं. आम्ही दोघांनीही जन्मात असा वरून पडणारा बर्फ पाहिला नव्हता. चाचा खाली वाकून सेफ्टी शूज काढायला लागले. "चाचा, पाय गारठतील!" मी ओरडलो. "ह्याच्यावर बुटानं पाय कसा ठेवू रे?" ते म्हणाले. आता त्या रिसॉर्टच्या जाहिरातीत माणसं झोकात घसरत जातात. मला मात्र त्या उतारावर चाचांची अनवाणी पावलंच दिसतात.