एक ते दहा आमचे, अकरा ते वीस तुमचे

रफिकभाईंच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली हात घातला की काहीही निघतं. केबलचे तुकडे, एकाच हाताचा हातमोजा, अर्धा बिस्किटपुडा, मागच्या उन्हाळ्यातली आंब्याची कोय. मुद्दाम कुणी ठेवत नाही, आपोआप साठत जातं. आमचे किस्सेही तसेच. दिवसभर गावोगाव फिरायचं, आणि नगरकडे परतताना कुणीतरी एक किस्सा काढतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि शहर आलं तरी संपत नाहीत. त्या गप्पांत माझं काम फक्त हसायचं. बोलायला मला जमत नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

आम्ही तिघं. कुलथे साहेब इंजिनिअर, त्यांच्या मांडीवर कायम लॅपटॉप. रफिकभाई ड्रायव्हर, जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावरचा खड्डा त्यांना दिसायच्या आधी आठवतो. आणि मी नामदेव, पुणतांब्याकडचा, नववीत शाळा सोडलेला. एका फोन कंपनीचं नवं फाइव्ह-जी नेटवर्क जिल्ह्यात बसवायचं कंत्राट आमच्या मालकाकडे आहे. टॉवरवर चढून अँटेना बसवायचं काम माझं. टॉवर चालू झाला की तिघांनी जीपमधून गावभर फिरून रेंज कुठवर पोचली ते तपासायचं.

तपासायला मशीन आहे, पण साहेबांचा मशीनवर विश्वास नाही. कधीकधी फोन लागतो आणि आवाज एकाच बाजूनं जातो. म्हणून त्यांची स्वतःची पद्धत. गावातल्या कुणालाही फोन लावायचा, आपण एक ते दहा म्हणायचं, समोरच्यानं अकरा ते वीस म्हणायचं. वीसपर्यंत गाडी पोचली की फॉर्मवर बरोबरची खूण. अशी वीस घरं झाली की गाव पास.

हे फोन करायचं काम साहेबांनी मला दिलं, कारण मी फालतू बोलत नाही. आणि आकडे म्हणायला मला लाज वाटत नाही. आकड्यांत कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

एका वाडीत एका आजीनं फोन उचलला. मी दहापर्यंत म्हटलं. आजीनं अकरा, बारा, तेरा म्हटलं आणि थांबली. मी म्हटलं, आजी, पुढं म्हणा.

"पुढं कुणी न्हाई बाबा," आजी म्हणाली. "घरात तेराच मानसं."

साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, 'तेरा. कुटुंब पूर्ण.'

*

साहेबांच्या लॅपटॉपवर गावाचा नकाशा असतो. रेंज चांगली तिथं हिरवा रंग, नाही तिथं लाल. आमच्या पुणतांब्याच्या बाजूला काम चाललं होतं, तेव्हा एक तात्या जीपच्या खिडकीतून आत वाकले आणि नकाशा बघत राहिले. त्यांचं रान लाल आलं होतं आणि शेजारच्या दत्तूचं हिरवं.

साहेबांनी समजावलं, की मधे उसाचं रान आहे, थोडी अडचण होते, नंतर दुरुस्त करू. तात्यांचं लक्षच नव्हतं. ते हिरव्या रंगाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"ही हिरवी रेघ माज्या हद्दीत दोन हात आत आलीया," तात्या म्हणाले. "मी धा वर्सं बोंबलतोय, दत्तूनं बांध सरकिवलाय म्हनून. आता वरूनच दिसलं."

त्यांना तलाठ्याकडे न्यायला त्या नकाशाची छापील प्रत हवी होती, शिक्क्यासकट. साहेबांनी हात जोडले. ही जमिनीची मोजणी नव्हे, रेंजची मोजणी आहे, असं पाच वेळा सांगून आम्ही निघालो, तर वेशीवर दत्तूनं मोटारसायकल आडवी घातली. त्यालाही प्रत हवी होती.

"रेंज माजी हाय," तो म्हणाला, "तर रान बी माजंच की."

*

आता माझा एक. रफिकभाई तो मला न विचारता सगळ्यांना सांगतात, त्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या पलीकडे, टेकडीच्या मागं खडकमाळ नावाचं गाव आहे. तिथं मामा मला मुलगी बघायला घेऊन गेला. मुलीचं नाव वैशाली. गावातल्या दूध डेअरीवर आलेल्या दुधाची फॅट तपासून आकडे लिहायचं काम करते.

तिच्या वडिलांनी माझं नाव विचारलं. मामानं सांगितलं. शिक्षण विचारलं. तेही मामानंच सांगितलं, थोडं वाढवून. मग मुलीनं स्वतःच विचारलं, की तुम्ही काम काय करता. मामाच्या तोंडात पोहे होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसतं बोट वर केलं. मला टॉवर दाखवायचा होता. पण त्या गावात टॉवर नव्हता. वर पत्रा होता, आणि पत्र्याच्या वर आभाळ.

तिच्या आजोबांनी हात जोडले. "वरच्याच्या कृपेनं चाललंय म्हन्तोय," ते म्हणाले. "गुनाचं पोरगं हाय."

वैशाली हसायला लागली ती थांबेना. मला ती तेव्हाच पसंत पडली.

चार दिवसांनी मामाकडे निरोप आला. घरच्यांना स्थळ पसंत आहे, पण मुलीची एक अट आहे. मुलानं एकदा तिला स्वतः फोन करून बोलायचं. काहीही बोला, पण बोला. पोळ्यापर्यंत फोन आला नाही तर तिचा नकार, कारण सुप्याच्या कारखान्यातल्या एका मुलाचं स्थळ थांबून राहिलंय.

मामानं नंबर लिहून दिला. मी तो पाठ केला. नऊ आकड्यांपर्यंत तो मी पुष्कळदा लावला. दहावा आकडा दाबायला बोट जायचं नाही. मामानं विचारलं की मी म्हणायचो, मामा, तिथं रेंज नाही. आणि ते खोटंही नव्हतं.

"जिल्ह्याला रेंज वाटत फिरतोस," मामा म्हणाला, "आन् सोताला बायकोपुरती मिळंना व्हय रं?"

*

टॉवरवर चढलं की गावाला वाटतं, हा वर गेलाच आहे तर आपलंही एखादं काम करील. माझी शेरडं कुठं दिसतात का बघ. ओढ्याला पाणी आलंय का बघ. एसटी फाट्यावर वळली का बघ. मी वरून ओरडत नाही, नुसतं बोट दाखवतो. तेवढं जमतं.

एका गावात एक बाई खाली येऊन उभी राहिली आणि विचारलं, आमचे हे कुठं दिसतात का? निळा शर्ट. मी इकडे तिकडे बघितलं. निळा शर्ट देवळाच्या मागच्या लिंबाखाली होता. चौघं जण पत्ते खेळत होते. मी बोट दाखवलं. बाई तडक गेली.

थोड्या वेळानं निळा शर्ट टॉवरपाशी आला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर बसला.

"उतरा की पावनं," तो वर बघून म्हणाला. "काय घाई न्हाई. आज आमचा डावबी मोडलाय."

मी प्रत्येक नट तीन तीनदा आवळला. अँटेना पुसली. केबलला नव्या पट्ट्या बांधल्या. दुपार टळली तरी तो हलला नाही. शेवटी रफिकभाईंनी त्याला चहाला नेलं तेव्हा मी उतरलो. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये साहेबांनी लिहिलं, 'नामदेव यांनी अत्यंत काटेकोरपणे काम केले.'

*

राजूरला आठवड्याच्या बाजारादिवशी नवं नेटवर्क चालू झालं. साहेब खूश होते. चहाच्या दुकानात एक बाबा मोबाईलवर कीर्तन बघत बसले होते. साहेबांनी कौतुकानं विचारलं, की बाबा, आता कसं चालतंय?

बाबांनी तोंड वाकडं केलं. आधी कीर्तन मधेच थांबायचं, गोल गोल फिरत राहायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. ते बरं होतं म्हणाले.

साहेबांनी विचारलं, बरं कसं?

"थांबलं की महाराज काय म्हनले त्याचा इचार करता यायचा," बाबा म्हणाले. "आता लई घाई करत्यात."

साहेबांनी पैसे दिले आणि चहा अर्धा टाकून उठले.

*

पावसाळ्यात साहेबांनी जीपमध्ये नव्या गावांची यादी वाचली. तिसरं नाव खडकमाळ. रफिकभाईंनी असा ब्रेक मारला की लॅपटॉप माझ्या मांडीवर आला.

"नामू," ते म्हणाले, "अल्लानं तुझा बहाना काढून घेतला बघ."

मी साहेबांना म्हटलं, त्या गावाला दुसरा कुणीतरी पाठवा. साहेब म्हणाले, दुसरा कोण आहे?

मग मी तोंडाला मफलर गुंडाळला, हेल्मेट डोळ्यांपर्यंत ओढलं आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी, गावात नव्यानंच उभ्या केलेल्या टॉवरवर चढलो. अर्ध्यात पोचलो आणि खाली बघितलं, तर वैशालीचे आजोबा काठी टेकून वर बघत उभे होते. त्यांनी शेजारच्याला हाक मारून मला दाखवलं.

"बघ," ते म्हणाले, "पावनं खरंच वरच काम करत्यात की."

खडकमाळला तोवर फोन लागायची एकच जागा होती, टेकडीवरचा एक मोठा खडक. त्याला रेंजचा दगड म्हणायचे. टॉवर चालू झाला, घराघरांत रेंज आली, तरी लोक दगडावर चढूनच बोलायचे. साहेबांना ते फार लागलं. त्यांनी दगडावरून उतरणाऱ्या एका सूनबाईला विचारलं, की घरात रेंज नाही का?

"हाय की," ती म्हणाली. "पर घरात सासूबाईबी हायेत."

मग आमचं आकडे म्हणणं सुरू झालं. लहान गाव, त्यामुळे तीन दिवसांत सगळ्यांना पाठ. पोरं जीपमागून अकरा, बारा ओरडत पळायची. डेअरीच्या रांगेत लोक दुधाचे कॅन पुढं सरकवताना अकरापासून मोजायला लागले, असं रफिकभाई सांगत होते. ते रोज डेअरीवर जायचे. कशाला, ते मी विचारलं नाही. मी तिकडची गल्ली सोडून लांबच्या वाटेनं जायचो.

एकोणीस घरं झाली. उद्या पोळा होता. गावात बैलांच्या शिंगांना रंग लावणं चाललं होतं. रेंजच्या दगडाखाली जीप उभी होती, साहेब लॅपटॉप उघडून बसले होते, आणि एक घर बाकी होतं. रफिकभाईंनी मला एक चिठ्ठी दिली आणि विसावा नंबर हाच, असं म्हणून ते बाहेर बैलांकडे बघत बसले.

मी नंबर वाचायला लागलो. चौथ्या आकड्यालाच कळलं.

मी साहेबांना म्हटलं, हा नको, दुसरा घेऊ. साहेब म्हणाले, रिपोर्ट आज जायचा आहे, लाव लवकर. मी नऊ आकडे लावले आणि थांबलो. साहेबांनी हात लांब केला आणि चिठ्ठीत बघून दहावा त्यांनीच दाबला.

"हॅलो, वैशाली बोलतेय," तिकडून आवाज आला. अगदी शेजारी बसल्यासारखा. "कोण?"

मला माझं नाव आठवत होतं. ते सांगायला जमेना. साहेब हळू आवाजात म्हणाले, बोल रे, कॉल चालू आहे.

"एक," मी म्हणालो.

मी दोन म्हटलं, तीन म्हटलं. सहाला आवाज चिरकला, म्हणून सहा पुन्हा म्हटलं. सात, आठ, नऊ हळूहळू गेले. दहा म्हणून मी डोळे मिटले.

नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, फोनमधूनही आणि बाहेरूनही.

"अकरा," ती म्हणाली.

मग बारा म्हणाली, तेरा म्हणाली. डेअरीवर फॅटचे आकडे सांगावेत तसे, एकेक, स्वच्छ. सतराला तिला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं. एकोणीस म्हणाली आणि थांबली. मग आणखी काहीतरी बोलली आणि फोन ठेवून दिला.

साहेबांनी लॅपटॉपवरून मान वर केली. पेन फॉर्मवर टेकवून त्यांनी विचारलं, "वीस आलं का?"

"साहेब," मी म्हणालो, "वीस घ्यायला घरी बोलावलंय."

रफिकभाईंनी तोवर जीप सुरू केली होती.