बहिणीची खोड विचारली तेव्हा

आमच्या सावली गावच्या स्टँडवर मी चंद्रपूरच्या गाडीत बसलो तेव्हा माझी दोन्ही बोटं कानांत होती. लोकांना वाटलं, पोरगा रडतोय. रडत नव्हतो. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं आणि बोनेटचा पत्रा थडथडत होता. तो आवाज मला सहन होत नव्हता. खिडकीखाली आई उभी होती. तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी वर दिल्या आणि जन्मभर सांगितलेलं एकच पुन्हा सांगितलं, "माणसाचं तोंड पाहून बोलत जाय रे बाप्पा." बाबा आले नव्हते. कमलताई घरातून बाहेरच पडली नव्हती. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता, मी एकोणीस वर्षांचा. मी आपल्या मनानं निघालो की मला घालवून दिलं, यावर आमच्यात अजून वाद आहे. माझ्या मते घालवून दिलं.

गावात राहिलेल्यांनी ही गोष्ट एकाच बाजूनं ऐकली आहे, म्हणून सगळी लिहितो. आठवीत बाबांनी मला शाळेतून काढलं आणि बैलबाजारात एका दलालाच्या हाताखाली लावलं. कमलताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला मास्तरीण होईपर्यंत शिकवलं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात शिक्षणाशिवाय दुसरा विषय नसायचा, त्यामुळे शाळा सुटल्याचा माझा राग मोठा होता आणि मी तो बोलूनही दाखवायचो.

पण बाजारात माझं जमलं. तिथं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो. समोरचा हसतो की रुसतो, त्याच्याशी काम नसतं. एरवी कोणी अंगाला हात लावला तर मी झटकून टाकायचो, पण रुमालाखालची बोटं चालायची, कारण प्रत्येक बोटाचा अर्थ आधीच ठरलेला असे. आणखी एक नियम होता. गिऱ्हाइकानं बैलाची खोड विचारली तर सांगायची. मारका असेल तर मारका, नांगराला बसत असेल तर बसतो. लपवली तर बैल आठवड्यात परत येतो आणि दलालाचं नाव जातं. मी कधी लपवली नाही. त्यासाठी मला आजूबाजूच्या तीन बाजारांत ओळखत.

मग वैनगंगेपलीकडच्या गावाहून ताईला पाहायला पाहुणे आले. मुलाचे वडील बाजारातले माझ्या ओळखीचे. पोहे झाले, चहा झाला, पसंती जवळजवळ झालीच होती. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे दलाल, तू तं बैलाची खोड लपवत नाई म्हणते. बहिणीची काय खोड हाय, सांग बरं!"

सगळे हसले. सगळे हसले म्हणून मीही हसलो. आणि सांगितलं, "लहानपणी दोन खेपा फिट आली होती. मंग नाई आली."

शेवटचं वाक्य ताईच्या फायद्याचं आहे, असं मला वाटलं होतं.

पाहुणे उठले. बातमी त्यांच्याआधी नदीपार गेली असावी, कारण त्या बाजूनं पुन्हा कोणी आलं नाही. बाबा म्हणाले, "तुले पोटात ठेवता येत नाई, का ठेवायचंच नव्हतं?" आई म्हणाली, यानं शाळेचा राग काढला. ताई एवढंच म्हणाली, "मुद्दाम केलं तू." मी ताट भिंतीवर फेकलं. माझा स्वभाव तसाच आहे. पण का केलं, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला प्रश्न विचारला म्हणून.

त्यानंतरच ती चंद्रपूरची गाडी. पुढं भद्रावतीला मी जुन्या सामानाचा धंदा उभा केला. कारखान्याच्या कॉलनीत कोणाची ट्रान्सफर झाली की पलंग, कपाट, कूलर विकायला निघायचं. बंगाली, पंजाबी, मद्रासी, सगळ्यांशी हिंदीत घासाघीस. "भाभीजी, दरवाजा टेढा है, आप भी देख रही हो, मैं भी." माझी जीभ तिखट, पण बोललेल्या भावातून मी हललो नाही. दुकान झालं, लग्न झालं, मुलगी झाली. गावी गेलो तो आईबाबा वारले तेव्हापुरताच. ताईनं लग्न केलं नाही. सावलीत शिकवत राहिली, तिथंच रिटायर झाली. आमचं बोलणं म्हणजे "बरा हायेस?" "बरा हाय." एवढंच.

आता माझी मुलगी मीना नागपूरला शाळेत शिकवते. मागच्या वर्षी तिनं ऑटिझमवरचं ट्रेनिंग केलं. घरी आली की कागद मोठ्यानं वाचायची. आवाजाचा त्रास. शब्द जसाच्या तसा घेणं. ठरलेलं बदललं की राग अनावर होणं. शर्टाच्या कॉलरमागची लेबलची पट्टी टोचणं. मी नवीन शर्टाची पट्टी आजही ब्लेडनं कापतो. मी म्हटलं, "हे कोणाबद्दल आहे?"

"मुलांबद्दल, बाबा."

"मुलं मोठी होत नाहीत का?"

ती हसली. "तुम्ही? तुम्ही तर दगडालाही कूलर विकाल. ऑटिझमवाले असे दहा माणसांत बोलत नाहीत."

हे मला पटलं नाही. धंदा केलेला माणूस कोणाचा माल एका नजरेत नापास करत नाही. मी विचार करायला लागलो. मी दहा माणसांत बोलतो खरा, पण सौद्याचं बोलतो. त्याला सुरुवात असते, शेवट असतो. बारशाला बसवलं तर काय बोलावं कळत नाही, मी यजमानाचं कपाट तपासत बसतो. माणसं वाचायला मला येतं, असं बाजार म्हणतो. मला येतात त्या खुणा: गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं आणि चपलेत पाय घालायला वेळ लावला, की ते परत येणार. या मी एकेक करून शिकलो, पाढ्यासारख्या. बाकीच्यांना त्या न शिकता येतात, हे मला साठीला आल्यावर कळलं. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, तेही मला जुळेना. मी जन्मभर दुसऱ्यांकडेच डोळे फाडून पाहत आलोय.

म्हणून नागपूरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. म्हटलं, "हो की नाही, एकच सांगा."

त्या म्हणाल्या, "काका, हा सौदा नाही. असूही शकेल, नसूही शकेल. तुमचं लहानपण पाहिलेलं कोणी आहे का?" आणि चार पानांचा फॉर्म दिला. तो दुसऱ्यानं भरायचा होता.

असं माणूस जगात एकच उरलं होतं.

सावलीला ताईच्या घरी मी खुर्चीच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. ती चष्मा लावून फॉर्म वाचत राहिली. मग एकाएकी म्हणाली, "बोडीवर पाण्याले जाताना मी दुसऱ्या बांधानं गेली, की तू रडत घरी वापस जाये अन् पहिल्यापासून निघे. आठवते?"

मला आठवत नव्हतं.

"शर्ट उलटा घाले. शिवण टोचते म्हणे. अन् बाबाही तसेच. लग्नात कोणाच्या घरी जेवले का कधी? आवाज नाई चालत होता त्याहिले."

बाबांबद्दल मी चाळीस वर्षं पुष्कळ विचार केला होता, हा केला नव्हता. कोणत्या रांगेत ठेवावा कळेना, तसाच बाजूला ठेवला.

ताईनं चष्मा काढला. "म्हणजे त्या दिवशी तुले खरंच समजलं नाई? तो मस्करी करून राह्यला होता म्हणून?"

"नाई समजलं."

"शाळेचा राग?"

"होता. पण त्या वेळी आठवलाही नाई. त्यानं विचारलं, मी सांगितलं."

"मंग इतके वर्ष बोलला काऊन नाई?"

"तुम्ही विचारलं काऊन नाई?" माझा आवाज चढला. शेजारीण डोकावून गेली.

ताई माझ्यावर ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मुद्दाम केलं असतं तं बरं होतं रे. मी ज्याच्यावर चाळीस वर्षं रागावली, तो माणूस नव्हताच म्हणतोस. आता हा राग मी कुठी ठेवू?"

मी फॉर्मची पानं गोळा करायला लागलो. ती म्हणाली, "कागद इथी ठेव. अन् माफ केलं असं समजू नको."

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. चार पानं भरून तिनं वहीची सात पानं वर टाचली होती. मी कोणत्या भांड्यातलं पाणी पीत नव्हतो, कोणाच्या मांडीवर बसत नव्हतो, पहिलं वाक्य केव्हा बोललो, सगळं सुवाच्य मास्तरणीच्या अक्षरात. शेवटी लिहिलं होतं: "पाहुणे येण्याआधी त्याला कोणीतरी बसवून सांगायला हवं होतं, की हे विचारलं तर बोलू नकोस. सांगितलं असतं तर तो बोलला नसता. आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही."

ती पानं अजून माझ्याकडेच आहेत. डॉक्टरबाईंना देईन, कारण मला जाणून घ्यायचं आहे, आणि त्यांनी नाही म्हटलं तर का नाही, हेही विचारीन. पण आधी सावलीला दोन फेऱ्या झाल्या. ताईनं तिसऱ्या पानावर माझं एक भांडण चुकीचं लिहिलंय, त्यावर आमचा वाद चाललाय. ती ऐकत नाही, मीही नाही. भद्रावतीत दुकान आहे, नागपुरात मुलगी आहे, दोन्ही माझीच. पण घर कुठलं, असं आता कोणी विचारलं तर मी सावली सांगतो. माझ्याबद्दल लिहायला जिथं चार पानं पुरली नाहीत, ते.