सोनकांबळेबाईंचे ओरम

कोणतीही कादंबरी हाती आली की कमल सोनकांबळे पहिल्यांदा एकच विचारायची, "ह्यांच्यात पाणी कोण भरतं?" गोष्ट राजाराणीची असो की पुण्यातल्या बंगल्याची, याचं उत्तर मिळेपर्यंत ती पुस्तकाला गोड बोलायची नाही.

आम्ही दोघी चाकूरच्या शाळेत शिकवायचो. ती भूगोल, मी गणित. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले. पाऊस तेवढा आला नाही. होळीच्या सुमारास शाळेच्या कपाटात एक विज्ञान कादंबरी येऊन पडली. दूरच्या ग्रहावर छताखाली राहणारी माणसं, तिथं हवासुद्धा मापानं मिळते. शब्द सगळे चमत्कारिक आणि अर्थ एकाचाही दिलेला नाही. हेडमास्तरांनी लगेच हात टेकले. कमलनं मला धरलं. मधल्या सुट्टीत ती वाचायची, मी डबा खात ऐकायची.

त्यात ओरम नावाचे लोक होते. रोज रिकामे डबे घेऊन ते हवेच्या दारापाशी जात, डबे खाली ठेवत आणि हात मागे बांधून उभे राहत. का, ते लेखक सांगत नाही. मी म्हटलं, प्रार्थना असेल.

"पाटीलबाई, प्रार्थनेला कुणी रिकामा डबा नेतं का?" ती हसली. "हात मागं म्हंजे दाराला शिवलो न्हाई. कुणीतरी वरून ओतायची वाट बघून राहिलेत ते."

मग तिनं नायगावजवळच्या आपल्या गावाचं सांगितलं. छप्पननंतर सगळी वस्ती बौद्ध झाली, पोरं शिकली, नोकरीला लागली. "बुद्ध घरात आला, बाई. आडावर न्हाई आला." वस्तीची स्वतःची विहीर होती तोवर निभलं. ती आटली आणि तिची आई गावच्या आडापाशी घागर ठेवून लांब उभी राहू लागली.

मे महिन्यात आईचा निरोप आला. आडाचं पाणी खाली गेलं होतं, आता कुणी ओतायलाही तयार नव्हतं. आई गाव सोडायला राजी नव्हती. कमल मला म्हणाली, "तुमी चला संगं. तुमच्या हातून तरी घागर भरंल." हे तिनं मागावं, म्हणजे दुसरं काही उरलं नव्हतं. मी गेले.

आडावर चार-पाच बायका होत्या. मी कुणाची, कुठली, याची चौकशी झाली. हदगावकडच्या पाटलांची म्हटल्यावर पोहरा माझ्या हाती आला. मी शेंदून कमलच्या आईच्या घागरीत लांबून ओतलं. अर्धी घागर गढूळ पाणी. मागे वस्तीतल्या आणखी घागरी थांबल्या होत्या. कमल पुढे आली. "आज तुमी हायत. उद्या कोण?" एवढं म्हणून तिनं माझ्या हातातला दोर घेतला आणि पोहरा स्वतः आडात सोडला.

कुणी ओरडलं नाही. त्या बायकांनी आपल्या भरलेल्या घागरी मातीत उपड्या केल्या आणि त्या निघून गेल्या. तासाभरात आडावर बाभळीचे काटे पडले.

वस्ती आपल्या बाजूनं उभी राहील, हे कमलनं धरूनच ठेवलं होतं. शेजारची सखुबाई दारात येऊन म्हणाली, "तू जाशील पगाराला. आमच्या लेकरांनी काय तुझी नोकरी प्यावी?" आई ती अर्धी घागर पेल्या-पेल्यानं पोरांना वाटत बसली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन टँकर मागितला. येईल तेव्हा येईल, असं उत्तर मिळालं. मी कमलला सरळ सांगितलं की जूनमध्ये शाळा उघडेल, हजर झाली नाहीस तर जागा जाईल, आईला घे आणि चल.

"आता गेले तर ह्यांना वाटंल, पेटवून पळाली," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या पुस्तकात पुढं ओरम दार उघडतात, बाई. सगळे मिळून. कुणी कुणाला शिव्या देत न्हाई. लिहिणाऱ्याला आमची वस्ती ठावं न्हाई."

ती चाकूरला परत आली नाही. जूनमध्ये भूगोलाला दुसरी बाई आली.

मी निघाले त्या सकाळी वस्तीतल्या बायका नदीच्या कोरड्या पात्रात पाझरत्या पाण्यासाठी झिरा खणत होत्या. कमलला त्यांनी जवळ येऊ दिलं नव्हतं. ती बरीच लांब, एकटीच, हातांनी वाळू उपसत होती. मी काठावरून हाक मारली. तिनं मान वर केली नाही. तिच्या खड्ड्यातून निघत होती ती वाळू अजून कोरडीच होती.