पन्हेरीतल्या अळ्या

पांढुर्ण्याचं घर सोडून मी मोहगावला खोली घेतली तेव्हा तेवीस वर्षांची होते. तिथून दीड कोसावरच्या गावात सरकारी शाळेत पाचवीचा वर्ग मला मिळाला होता. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. पुस्तकात फुलपाखराच्या चार अवस्थांचं काळंपांढरं चित्र होतं. मुलं ते पाठ करायची आणि शाळा सुटली की संत्र्याच्या बागांमधून घरी जायची, जिथे त्या चारही अवस्था पानापानावर जिवंत होत्या. मला ते बघवेना.

म्हणून एका श्रावणात मी अख्खा वर्ग बागेत नेला. कोवळ्या पानावरचं मोहरीएवढं पिवळं अंडं दाखवलं. पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी दाखवली, आणि तीच मोठी झाल्यावर हिरवीगार कशी होते तेही. बोट लावलं की ती डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आधी सगळे मागे सरले, मग प्रत्येकाला स्वतः बोट लावून बघायचं होतं. आयांनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या दिल्या, गावातल्या शिंप्याने तोंडाला बांधायला जाळीचे तुकडे दिले. पहिलं फुलपाखरू कोषातून निघालं त्या सकाळी शेतात निंदणाला, तण काढायला निघालेल्या बायासुद्धा वर्गात येऊन उभ्या राहिल्या. मी फार खुशीत होते. त्या खुशीतच मुलांना म्हणाले, "हा जीव आहे. आपल्या हातानं मारायचा नाही."

पहिल्या पट्टीवर एक अबोल मुलगी बसायची. तिच्या वडिलांनी विहिरीजवळ पन्हेरी लावली होती. जंभेरी लिंबाची वीतभर उंचीची रोपं वाढवायची आणि थंडीत त्यांच्यावर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करायची, असं ते काम. रोज शाळेआधी रोपांवरच्या अळ्या वेचून घासलेटच्या पाण्यात टाकणं मुलीकडे होतं. माझं ते वाक्य ऐकल्यापासून ती रोज डबा घेऊन पन्हेरीत जायची, थोडा वेळ बसायची आणि परत यायची. वेचल्या का म्हणून वडिलांनी विचारलं की हो म्हणायची. वडील कपाशीच्या कामात गुंतलेले. पोरीवर त्यांचा विश्वास होता.

हे मला कळलं ते पंधरा-वीस दिवसांनी, वडील शाळेत आले तेव्हा. चपला बाहेर काढून ते दाराशी उभे राहिले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "बाई, तुमी शिकवून राहिल्या ते चांगलंच आहे. पण एकडाव माही पन्हेरी पाहून घ्या."

मी त्यांच्यामागे गेले. वाफ्यांमध्ये नुसत्या काड्या उभ्या होत्या. ज्या थोड्या रोपांना पानं उरली होती, त्यांच्यावर गुबगुबीत हिरव्या अळ्या शांतपणे खात होत्या. बागेतल्या मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही, पण एवढ्याशा रोपाला एक अळीही पुरते. संत्र्याच्या मुलखात जन्मून मला हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला मी विचारलं नव्हतं.

"नुकसान होते, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण पोरीनं मले खोटं सांगतलं. आजवर ते कधी खोटं बोलली नाही."

मुलगी विहिरीच्या काठावर उभी होती. तिचा एक गाल सुजलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला पन्हेरीत घेऊन गेले आणि अळ्या वेचायला सांगितल्या. कुणी हात लावेना. एका मुलाने विचारलं की आता मारायच्या का. मी हो म्हटलं आणि पहिली अळी स्वतः उचलून पाण्यात टाकली. तिने लाल शिंगं काढली. मग त्या मुलीने वाकून भराभर वेचायला सुरुवात केली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. घरी जाताना दोन मुलं रडत होती.

वडिलांनी तिला शाळेतून काढलं. फुटणाऱ्या नव्या पानांची राखण तिने करावी, असं ठरलं. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. आईने चहा दिला आणि दिवाळीनंतर पाठवू म्हणाली. निम्मी रोपं पुन्हा पालवली, पण त्या थंडीत डोळे बांधण्याइतकी जाड कुठलीच झाली नाहीत.

दिवाळीनंतर ती आली आणि शेवटच्या पट्टीवर बसली. उत्तरं तिला येत असत. तिची पाटी तपासताना ते दिसायचं. हात मात्र वर जात नसे. परीक्षेच्या आधी एकदा मी तिला थांबवून घेतलं आणि चूक माझी होती, असं सांगितलं. तिने पाटीची कड नखाने खरवडली.

"बाई, तुमी बोलल्या ते मले खरं वाटलं होतं," ती म्हणाली, आणि घरी गेली.

पुढच्या वर्षी वडिलांनीच तिला सहावीसाठी मोहगावच्या शाळेत घातलं. मी नव्या वर्गाला पुन्हा बागेत नेलं, पण आधी बागवाल्याच्या घरी जाऊन बसले, त्याचं ऐकून घेतलं. मुलांनी बरण्या आणल्या, फुलपाखरं निघाली, सोडूनही दिली. एका मुलीने विचारलं की यांना मारणं पाप आहे का. बागेतली अळी राहू द्यावी, पन्हेरीतली मात्र वेचावी लागते, असं मी बराच वेळ बोलत राहिले. तिला काय कळलं, ते मी विचारलं नाही.